माल हलू नये, हवा मात्र खेळती राहावी : शीतवाहन चालकांची दुहेरी कसोटी

मे महिन्यात रायपूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. याच दिवसांत आईस्क्रीम, गोठवलेले मटार, मासे, लोणी आणि औषधे घेऊन येणारी शीतवाहने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून छत्तीसगडच्या या राजधानीत दाखल होत असतात. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव आणि दुर्गमार्गे हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. गोठवलेला माल असेल, तर या संपूर्ण प्रवासात वाहनाच्या पेटीत उणे १८ अंश तापमान राखावे लागते. बाहेरच्या आणि आतल्या हवेतील सुमारे ६० अंशांचा हा फरक टिकवण्याची जबाबदारी जितकी यंत्राची, तितकीच चालकाचीही असते.

वाहनावरील शीतयंत्र माल थंड करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आधीच थंड केलेल्या मालाचे तापमान राखणे, एवढेच या यंत्राचे काम असते. त्यामुळे माल भरण्यापूर्वी रिकामी पेटी थंड करून घेणे आणि येणाऱ्या मालाचे तापमान मोजून त्याची नोंद करणे, ही चालकाची पहिली कामे ठरतात. उबदार माल एकदा पेटीत गेला, की प्रवासात तो पुरेसा थंड होत नाही आणि शेजारच्या मालालाही बाधा पोहोचवतो.

पेटीच्या पुढील भिंतीवर बसवलेले यंत्र थंड हवा छतालगत मागील दारापर्यंत फेकते. ही हवा मालाभोवतून खाली उतरते आणि जमिनीवरील खाचांमधून यंत्राकडे परतते. माल छतापर्यंत रचला, दाराला टेकवला किंवा जमिनीवरील खाचा पुठ्ठ्यांनी झाकल्या, तर हे चक्र खंडित होते. अशा वेळी चालकासमोरील तापमापक योग्य आकडा दाखवत असतानाही मागच्या खोक्यांतील माल वितळू शकतो. मालानुसार रचनाही बदलते. गोठवलेली खोकी एकमेकांना चिकटवून रचतात व हवा त्यांच्या सभोवती फिरू देतात. ताजी फळे व भाज्या तोडणीनंतरही श्वसन करतात आणि उष्णता बाहेर टाकतात. म्हणून त्यांच्या खोक्यांमधूनही हवा जावी लागते. अतिथंडीही घातकच असते. केळी १३ अंशांखाली काळवंडतात, तर २ ते ८ अंशांत ठेवायच्या काही लशी गोठल्यास निकामी होतात.

याच ठिकाणी खरा पेच निर्माण होतो. हवेसाठी मोकळी जागा सोडावी, तर माल सरकण्याची भीती असते. माल वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार रस्त्यावरील वाहनात मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेने आणि ५० टक्के इतका जोर बाजूंना व मागे येऊ शकतो, असे गृहीत धरून तो बांधावा लागतो. म्हणजेच ९ टन मालाला जोराचा ब्रेक लागला, तर त्याचा पुढील रेटा ७ टनांहून अधिक असू शकतो. शीतपेटीच्या भिंतीत उष्णतारोधक फेस असतो, त्यामुळे तिला खिळे ठोकता येत नाहीत. म्हणून भिंतीवरील पट्ट्यांत अडकवायचे आडवे दांडे, कापडी पट्टे आणि लाकडी चौकटी यांच्या साहाय्याने माल जखडला जातो. अतिघट्ट पट्ट्याने पुठ्ठ्याची खोकी दबतात, तर ढिल्या पट्ट्याने ती कोसळतात.

हे काम एकदा करून संपत नाही. राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई येथे थोडा थोडा माल उतरवला, की उरलेल्या मालाचा आधार जातो. प्रत्येक थांब्यावर दांडे पुढे सरकवून माल पुन्हा बांधणे आवश्यक असते. दार उघडण्यापूर्वी यंत्र बंद करावे लागते, अन्यथा पंखे बाहेरची उष्ण व दमट हवा आत ओढतात आणि यंत्राच्या नळ्यांवर बर्फ साचतो. पावसाळ्यात हा त्रास विशेष जाणवतो.

ढाब्यावर मुक्काम असला, तरी शीतयंत्र सुरूच ठेवावे लागते. त्याचा आवाज सहन करत चालक झोपतो आणि मधूनमधून उठून तापमान व डिझेल तपासतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घालून दिली होती. हा कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला असून ८ तासांचे तत्त्व कायम आहे. मात्र माल उतरवून घेण्यासाठी रांगेत जाणारा वेळ आणि रात्रीची ही राखण चालकाच्या विश्रांतीतूनच वजा होते. थकलेल्या चालकाचा एक अवेळी ब्रेक बांधलेला माल आणि त्याचा जीव, दोन्ही धोक्यात आणू शकतो.

२०१५ च्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार देशाला सुमारे ६२ हजार शीतवाहनांची गरज होती, तर प्रत्यक्षात १० हजारांहूनही कमी उपलब्ध होती. वाहने वाढतील, तसे प्रशिक्षित चालकही लागतील. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकमध्ये चालककक्ष वातानुकूलित असणे बंधनकारक करण्यात आले आहे. जुन्या वाहनांना हा नियम लागू नाही. त्यामुळे पेटीत उणे १८ अंश राखणारे अनेक चालक स्वतः मात्र रायपूरच्या उन्हात तापलेल्या कक्षातच बसलेले दिसतात. मालाच्या तापमानाची नोंद दर काही मिनिटांनी होते. चालकाच्या विश्रांतीचीही तितक्याच काटेकोरपणे नोंद झाली, तर माल आणि माणूस दोघेही सुखरूप पोहोचतील.