जुनी मस्टँग ट्रॅकवर न्यायचीय? आधी ब्रेक बघा!

अमेरिकेत जुनी मस्टँग घेतली, की मालकाचा हात आधी इंजिनकडे जातो. खरं दुखणं मात्र ब्रेकचं. १९६५च्या फोर्ड मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. पुढे डिस्क हवे तर जादा पैसे. ट्रॅकवर दोन-चार फेऱ्यांत ड्रम तापून फुगतो, पेडल खाली जातं आणि गाडी वेळेत थांबत नाही. त्यात मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक पाइप गळला, की चारही ब्रेक गेले! दुहेरी सर्किटचा सिलिंडर म्हणूनच रोजच्या रस्त्यावरही हवा.

मग सस्पेन्शन. कॅरोल शेल्बी यांच्या जीटी ३५०मध्ये पुढचे वरचे कंट्रोल आर्म एक इंच खाली बसवले होते. काम चार भोकांचं, पण वळणावर टायर रस्ता सोडत नाही. इंजिनही त्यांनी २७१वरून ३०६ हॉर्सपॉवरवर नेलं. पुढे डिस्क ब्रेक देऊनच.