जुन्या गाडीचा ए.सी. : नुसता गॅस बदलून भागत नाही

जुनी गाडी घेऊन ती भाड्याने चालविणारे आमचे अनेक वाचक बंधू आहेत. गॅरेजमध्ये ए.सी.चे काम शिकणारी मुलेही आपल्या घराघरांत आहेत. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

पूर्वीच्या गाड्यांच्या ए.सी.त आर-१२ हा गॅस असे. त्यातील क्लोरीन ओझोनचा थर विरळ करतो, हा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. त्याच्या जागी क्लोरीन नसलेला आर-१३४ए आला.

"वरून नवा गॅस भरून देतो, स्वस्तात होईल," असे कोणी म्हटले तर सावध राहावे. जुन्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असते. ते नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. गॅस फिरत राहतो, तेल मागेच राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. मग वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

नीट काम असे होते. जुना गॅस हवेत न सोडता मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. जुने तेल काढून एस्टर तेल घालावे. ड्रायर व रबरी रिंगा बदलाव्यात, पाइप जुने झाले असतील तर तेही बदलावेत. गॅस भरण्याच्या तोंडाला नव्या गॅसचे अडॅप्टर लावावे. व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवून आतील हवा व ओल काढावी. मग वजन करूनच गॅस भरावा. पूर्वी १ किलो लागत असेल, तर आता साधारण ८०० ते ९०० ग्रॅम पुरतो. जास्त भरल्यास दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो. शेवटी कोणता गॅस व कोणते तेल घातले, याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी.

काम करणाऱ्या मुलांनी चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय पाइप सोडू नये. द्रवरूप गॅस डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. जवळ ज्योत किंवा वेल्डिंग नको. आर-१२ ज्वाळेत सापडला की विषारी वायू तयार होतो. स्वयंपाकाचा गॅस तर ए.सी.त कधीच भरू नये. गळती झाली तर गाडी पेट घेईल.

गाडीमालकाने पावतीवर गॅसबरोबर तेल व ड्रायर यांचीही नोंद मागावी. आणि घरातील मुलगा गॅरेजला निघाला, की चष्मा घेतलास का, एवढे आईवडिलांनी रोज विचारावे.