बाळसं आणि पाळी

मुलीला नवव्या-दहाव्या वर्षी पाळी आली की घरात आधी संशय घेतला जातो तो पिशवीतल्या दुधावर, ब्रॉयलर कोंबडीवर आणि मोबाइलवर. पान्हा सुटावा म्हणून गाई-म्हशींना टोचलं जाणारं ऑक्सिटोसिन तर ठरलेला आरोपी. त्या टोचण्यात जनावरांचे हाल आहेतच. पण दुधातून पोटात गेलेलं ऑक्सिटोसिन पचून जातं, आणि मुलीला वयात आणणारं इस्ट्रोजेन ते नव्हेच. माझ्या मते शोध घ्यायला हवा तो मुलीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत वजन कसं वाढलं याचा.

भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली होती. स्वीडिश मुलींना ती तेराव्या वर्षाच्या सुमारास येत असे. भारतातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींनाही इतक्या लवकर येत नव्हती. सगळ्यांत आधी पाळी आली ती खुरटलेल्या अवस्थेत तिथे पोहोचून मग भराभर वाढलेल्या मुलींना. म्हणजे नुसती सुबत्ता नव्हे, तर टंचाईमागून एकदम आलेली सुबत्ता. चरबीच्या पेशींतून स्रवणारं लेप्टिन मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवतं आणि मगच वयात येण्याची यंत्रणा हलते. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना झाली, तेव्हा आपल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर तिकडचं ३.५ किलो भरलं. त्वचेखालची चरबी मात्र आपल्या बाळांत त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा किरकोळ बाळाला लवकर गुटगुटीत करण्याची घाई आपल्याकडे प्रेमानेच होते, म्हणून ती कुणाला खटकत नाही.

आता कुणी म्हणेल, वयात येताना वजन वाढतंच, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? अमेरिकेत ३५४ मुलींची वाढ लहानपणापासून नोंदवली गेली. तिसऱ्या वर्षीच उंचीच्या मानाने वजन जास्त असलेल्या मुली पुढे लवकर वयात आल्या. वजन आधीचं होतं. याहून अवघड आक्षेप कोपनहेगनचा आहे. तिथे पंधरा वर्षांत स्तनवाढ सुरू होण्याचं सरासरी वय १०.८८ वरून ९.८६ वर आलं आणि वजनाने त्याचा उलगडा झाला नाही. प्लास्टिकमधल्या रसायनांवरचा संशय त्यामुळे रास्तच ठरतो, आणि सडपातळ मुलीही लवकर वयात येतात हे मान्य करायलाच हवं. पण त्याच मुलींत पाळीचं वय जेमतेम साडेतीन महिन्यांनी घटलं होतं. स्तनवाढ आणि पाळी यांची चाल वेगवेगळी असू शकते. एकीचं कोडं सुटलं नाही म्हणून वजनाचा पुरावा बाद होत नाही.

मग पोरींना कमी जेवू घालायचं का? मुळीच नाही. उपाशी मुलीची पाळी लांबते ती शरीराकडे काही शिल्लक नसतं म्हणून. बघायचं ते इतकंच, की वजन उंचीच्या पुढे धावतं आहे का. बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर आपली नजर खालच्या रेषेवर खिळलेली असते. वरची रेष ओलांडली की कौतुक होतं. आणि आठव्या वर्षाआधी छाती भरू लागली, तर कारण घरात शोधत बसू नये, बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय समजतं, आणि गरज असेल तर इंजेक्शनांनी पाळी काही वर्षं थांबवता येते. हाडं वेळेआधी जुळून आली, तर मात्र गमावलेली उंची परत मिळत नाही.