शिरोड्याची इंग्रजी शाळा

वेंगुर्ल्याहून दक्षिणेला निघालं की आरवलीचा वेतोबा मागे पडतो आणि शिरोडं येतं. एका बाजूला मिठागरं, पलीकडे वेळागरचा समुद्र, पुढे रेडी आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. या गावात आज अ. वि. बावडेकर विद्यालय आहे. मुलगे आणि मुली एकत्र शिकतात, त्यात आता कुणाला नवल वाटत नाही. या शाळेचं जुनं नाव ट्युटोरियल इंग्लिश स्कूल. मालवणी बोलणाऱ्या गावात असं भारदस्त नाव कसं आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मालवण आणि वेंगुर्ला 1812 मध्ये इंग्रजांकडे गेले. राज्य आलं, पण राज्यकर्त्यांची भाषा शिकवणारी शाळा काही लगेच आली नाही. त्याच वर्षी आजच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांना इंग्रजीसाठी मुंबई गाठावी लागली. 1837 मध्ये मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं नशीब त्या मानानं बरं. वडिलांची बदली रत्नागिरीला झाली, म्हणून तिथल्या इंग्रजी शाळेत त्यांना जाता आलं. पुढे 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते, आणि काही वर्षांतच त्याच रत्नागिरीच्या हायस्कुलात हेडमास्तर म्हणून परतले. वडिलांची बदली झाली नसती तर? कोकणातल्या किती हुशार पोरांचं शिक्षण अशा एखाद्या बदलीवाचून अडलं असेल, त्याची मोजदाद कोण करणार!

तेव्हाची रचना आजच्या पालकांना चमत्कारिक वाटेल. मराठी चौथी झाली की ‘इंग्रजी पहिली’. तिथून सात इयत्ता चढायच्या. सातवी म्हणजे मॅट्रिक. जो मराठीतच राहिला तो व्हर्नाक्युलर फायनल होऊन तलाठी किंवा शाळामास्तर व्हायचा. मॅट्रिक झालेल्याला मुंबईच्या कचेरीची दारं उघडी. मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या मुलखात ‘इंग्रजी शिकान मुंबैक जातलो’ या वाक्याला किती वजन होतं ते सांगायला नको. त्यामुळे गावोगावी लोकांनीच खासगी इंग्रजी शाळा उभ्या केल्या. त्यांतल्या पुष्कळशा शाळा वरच्या इयत्तांपर्यंत पोचता पोचता धापा टाकायच्या. मास्तर मिळायचे, पण टिकायचे नाहीत.

शिरोड्याला मात्र टिकणारा मास्तर मिळाला. 1920 मध्ये बावीस वर्षांचा एक तरुण तिथं रुजू झाला. जन्म सांगलीचा, दत्तक गेला सावंतवाडीजवळच्या नानेलीला, पुण्यातलं फर्ग्युसनचं शिक्षण अर्धवट सुटलेलं. गणेश आत्माराम हे मूळ नाव दत्तकविधानात बदलून विष्णु सखाराम झालं होतं. वि. स. खांडेकर पुढची अठरा वर्षं इथं राहिले, आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक. लेखक म्हणून नाव झाल्यावरही ते हलले नाहीत. 1938 मध्ये कोल्हापूरला गेले ते चित्रपटांमुळे.

ही अठरा वर्षं शांत नव्हती. मे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि हे लहानसं गाव वर्तमानपत्रांत गाजलं. त्याच साली खांडेकरांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ आली. दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात लेखन, शिवाय सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकासाठीही लिहायचं. हे सगळं कसं जमवत असतील कोण जाणे.

आता मुलींचं. पुण्यात 1884 मध्ये मुलींचं स्वतंत्र हायस्कूल निघालं, हुजूरपागा. ते काढणाऱ्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर आपले मालवणचे भांडारकर होते. टिळकांनी त्या शिक्षणक्रमावर टीकेची झोड उठवली होती. पुण्याला असा वाद परवडत होता, कारण तिथं वेगळी शाळा काढण्याइतके पैसे आणि माणसं होती. खेड्यात एकच इंग्रजी शाळा चालवताना नाकी नऊ यायचे, दुसरी कुठून काढणार? मुलीला शिकवायचं तर ते मुलांच्याच वर्गात. कोकणातलं सहशिक्षण सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा या अडचणीतून अधिक आलं असावं, असं माझं मत आहे. ‘उल्का’ ही 1934 ची कादंबरी शिरोड्यातल्याच दिवसांतली. तिची नायिका एका ध्येयवेड्या शिक्षकाची मुलगी आहे आणि आपली कहाणी ती स्वतःच सांगते. हा योगायोग मला तरी वाटत नाही.

आणखी एक गंमत. जांभेकर इंग्रजी शिकले आणि 1832 मध्ये ‘दर्पण’ काढलं, त्यात इंग्रजीशेजारी मराठी स्तंभ होता. भांडारकर इंग्रजी शाळेतून निघून संस्कृतात रमले. त्यांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांवर पिढ्या शिकल्या. आणि शिरोड्याच्या ‘इंग्लिश स्कूल’च्या हेडमास्तरांना मिळालेलं 1974 चं ज्ञानपीठ मराठीतलं पहिलं. त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी कोल्हापूरच्या वास्तव्यातली, 1959 ची; पण खांडेकरांचं स्मृती संग्रहालय शिरोड्यात शाळेच्या आवारातही आहे. वेळागरला जाणारे पर्यटक वाट वाकडी करून तिथं येतात, आणि आत ते दालनं पाहत असताना बाहेर शाळा भरलेली असते.