पोहणाऱ्या आजीनं वजन का उचलावं?

आज आपण बोलणार आहोत पन्नाशीनंतरच्या ताकदीबद्दल, आणि सुरुवात करू या पोहण्यापासून.

आपल्या रायगडच्या किनाऱ्याला पोहणं काही नवं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत, तळ्यात पोहायला शिकल्या. आपल्या धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे ३६ किलोमीटर पोहत जाणाऱ्या मुलामुलींचं कौतुकही आपण ऐकतो. पण पोहण्याच्या स्पर्धा फक्त पोरांच्याच असतात असं नाही. 'मास्टर्स' नावाच्या स्पर्धा मोठ्या माणसांसाठीच असतात. त्यात पाच-पाच वर्षांचे गट असतात. म्हणजे साठ वर्षांच्या बाईची स्पर्धा साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांशीच! जपानच्या मिएको नागाओका ऐंशीच्या घरात, गुडघा दुखतो म्हणून पोहायला लागल्या. २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी तलावात १५०० मीटर अंतर पोहून पूर्ण केलं. सव्वा तास लागला, पण मध्ये सोडलं नाही.

अशा वयस्क जलतरणपटूंना प्रशिक्षक एक गोष्ट आवर्जून सांगतात: नुसतं पोहू नका, आठवड्यातून दोनदा जमिनीवर ताकदीचा व्यायाम करा. असं का?

पहिलं कारण, वय. तिशी-चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी होत जातात. पाळी गेल्यावर हाडंही झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात. दुसरं कारण, पाणी. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की आपलं बरंचसं वजन पाणीच उचलतं. गुडघ्यांना आराम मिळतो, दम वाढतो, हे चांगलंच आहे. पण हाडं बळकट व्हायला त्यांच्यावर भार पडावा लागतो, तो पाण्यात फारसा पडत नाही. तिसरं कारण, खांदा. पोहताना हात हजारो वेळा फिरतो. पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू कमजोर असतील तर खांदा दुखायला लागतो.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आम्ही जन्मभर मासळीच्या पाट्या वाहिल्या, हंडे उचलले, भातलावणी केली. आम्हाला कसला व्यायाम सांगता?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. काम शरीराकडे बघून होत नाही. पाटी आज जड असली तरी उचलावीच लागते, एकाच बाजूवर भार येतो, कंबर वाकलेलीच राहते, विश्रांती मिळत नाही. व्यायामात वजन आपण ठरवतो, दोन्ही बाजू सारख्या वापरतो, हळूहळू वाढवतो आणि मध्ये विश्रांती घेतो. ताकद वाढते ती विश्रांतीतच.

"आता या वयात काय वाढणार?" असंही वाटेल. १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे देखरेखीखाली पायांचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी अडीचपटीहून जास्त झाली. नव्वदीत वाढते, तर साठीत का नाही?

यासाठी जिम लागत नाही. पाच व्यायाम सांगते.

एक, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा.
दोन, भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून दोन्ही तळवे टेकवायचे आणि भिंतीवर जोर काढायचे.
तीन, एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून थोडं वाकायचं आणि दुसऱ्या हातानं वजनाची पिशवी कमरेपर्यंत ओढायची. पोहताना पाणी मागे ओढणारे स्नायू हेच.
चार, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या.
पाच, उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. तिथून सुरू करा. शेवटची दोन वेळा जड वाटली पाहिजेत, पण श्वास कोंडता कामा नये. जोर लावताना श्वास सोडा. बारा वेळा सहज झालं की वजन थोडं वाढवा. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस तरी सुट्टी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सांगते. पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते.

बीपी, हृदयाचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्नायू थोडे ठणकले तर चालेल, पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. आणि समुद्रात किंवा खाडीत एकटीनं पोहायला उतरू नका.

एक गोष्ट ताटातली. स्नायू बनतात प्रथिनांपासून. आपल्याकडे सुकट आहे, बोंबील आहे, अंडी, डाळ, वाल, शेंगदाणे आहेत. पण घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या ताटात उरतो रस्सा आणि भात. रस्सा खाऊन स्नायू होत नाहीत. तुकडा स्वतःलाही वाढून घ्या.

स्पर्धेत उतरा किंवा उतरू नका. पण जमिनीवरून आधाराशिवाय उठता येणं, होडीत पाय टाकता येणं, घसरलं तर सावरता येणं, हे प्रत्येकीला हवं. एकदा खुब्याचं हाड मोडलं की बाई अंथरुणाला खिळते, आणि तिची सेवा करायला घरातल्या दुसऱ्या बाईचं काम सुटतं. म्हणून सुचवते, गटाच्या बैठकीत वसुली सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं हे व्यायाम करा. हजेरीच्या वहीत पान आखा: कोण किती वेळा खुर्चीवरून उठली. बचत जशी थोडी थोडी साठते, तशीच ताकदही साठते.