पवनेचं पाणी उतरताना

तुंग आणि तिकोन्याच्या पायथ्याचा पवना जलाशय मे महिन्यातल्या सकाळी निवांत दिसतो. दुपारनंतर घाट ओलांडून पश्चिमेचा वारा येतो. डोंगराच्या आडोशाला उभ्या होडीला तो जाणवतच नाही. लाटा वाढतात त्या पूर्वेच्या काठाकडे! उघड्या पाण्यावर तुरळक पांढरा फेस दिसला, की बोफर्ट मापनानुसार वेग ताशी 12 ते 19 किलोमीटर धरावा. लहान होडीनं तेव्हाच काठ गाठलेला बरा. वळवाचे ढग दाटले, तर फेसाची वाटही पाहू नये.

पाणी ओसरलं, की एरवी बुडालेलं वाघेश्वर मंदिर उघडं पडतं.

पण दगड वर दिसण्याआधी काही दिवस पाण्याखाली जेमतेम वीतभर असतो, आणि होडीचा तळ फुटतो तो तेव्हा. म्हणून पुढे बसलेल्यानं बांबूनं खोली चाचपत राहावं.