इशारे ७११, दिसले १८

२ मे २०२२. लंडनमधल्या सिटीग्रुपच्या एका ट्रेडरला सुमारे ५.८ कोटी डॉलरचे शेअर विकायचे होते. त्याने हा आकडा रकमेऐवजी संख्येच्या रकान्यात भरला आणि तयार झाली ४४४ अब्ज डॉलरची ऑर्डर!

सॉफ्टवेअर गप्प बसलं नव्हतं. स्क्रीनवर चौकट उघडली, तिच्यात ७११ इशारे होते. पण दिसत होत्या फक्त पहिल्या १८ ओळी. खाली न जाताही सगळे इशारे एकदम बाजूला सारता येत होते. तसंच झालं. बँकेच्या यंत्रणेने २५५ अब्जांचा भाग अडवला, तरी ऑर्डर रद्द होईपर्यंत १.४ अब्ज डॉलरचे शेअर विकले गेले आणि युरोपातले बाजार काही काळ गडगडले. २०२४ मध्ये ब्रिटिश नियामकांनी बँकेला ६.१६ कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

सगळा दोष ट्रेडरच्या बोटांवर ढकलणं अन्यायाचं आहे. दिवसभर इशारे बंद करणाऱ्याचा हात सवयीनेच पुढे जातो. तिथे ७११ ओळींपेक्षा एकच ठळक ओळ हवी: ‘एकूण ४४४ अब्ज डॉलर’. आणि अशी ऑर्डर पुढे सरकूच नये.

आपल्याकडे सेबीच्या आदेशामुळे जुलै २०२३ पासून ब्रोकरच्या ॲपमध्ये लॉगिन करताच सूचना येते: फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये १० पैकी ९ जणांना तोटा होतो. सूचना मोलाचीच, पण रोज तीच आणि सर्वांना सारखी. ऑर्डरच्या बटणाशेजारी ग्राहकाचा स्वतःचा वर्षभराचा नफा-तोटा दिसला, तर नजर तिथे नक्की अडेल.